पाहुणीसाठी बिनविरोध

पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या कडेला असलेल्या एका गावात मी सत्तर सालाच्या आगेमागे बरीच वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. एस.टी. दिवसातून दोनदा यायची, आणि त्यातली एक येईलच असं नसायचं. मी तिथे गेले तेव्हा माझी तिशी उलटली होती आणि लग्न झालेलं नव्हतं. नगरला आई होती तोवर शनिवारी घरी जात असे. ती गेल्यावर भावाच्या घरी मी पाहुणी झाले, आणि पाहुणीने दर आठवड्याला जायचं नसतं, म्हणून जाणं कमी केलं. गावात मला सगळे 'बाई' म्हणत. आदराने म्हणत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण महिनोन् महिने कुणी नावाने हाक मारली नाही की चुकून कुठे आपलं नाव ऐकलं तरी दचकायला होतं, तसं माझं व्हायला लागलं होतं.

शाळा सुटली की दुसऱ्या दिवशीच्या घंटेपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसे. शेजारच्या बायका बोलत, पण उंबऱ्याबाहेरून. बिनलग्नाची, कमावती, एकटी राहणारी बाई कुठल्या खुंटीला अडकवायची ते त्यांना कळत नव्हतं. मीही काही साखरेच्या जिभेची नव्हते. कुणी 'बाई, कसं करमतं हो तुम्हाला?' असं विचारलं, की मी 'छान करमतं' म्हणून दार लावून घ्यायचे. करमत अजिबात नव्हतं.

त्या दिवसांत माझ्याकडे रोज संध्याकाळी येणारी एकच व्यक्ती होती, आणि ती नववीतली होती. नगरचं वर्तमानपत्र एक दिवस उशिरा यायचं, ते वाचायला ती यायची. मोठ्याने वाचायची आणि मध्येच थांबून माझ्याशी हुज्जत घालायची. इतिहासाच्या पुस्तकावर तर तिचा विशेष राग. "बाई, लढाई कुनी जितली ते लिवलंय," ती एकदा म्हणाली, "पर हे समदे लढाईला गेल्यावर पेरणी कुनी केली, ते न्हाई लिवलं." मी सांगितलं, बायकांनी केली असणार. "मंग त्यांचा धडा कुठंय?" मी तिला भाजलेले शेंगदाणे दिले.

तिचे आईवडील दसरा झाला की बैलगाडी जुंपून पश्चिमेकडे साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जायचे. आमच्या भागातली निम्मी गावं जायची. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्यांच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, भाकरी टाकायला, लहान भावंडं धरायला मोठी पोरगी. ती आदल्या वर्षी गेली होती आणि वैशाखात परत आली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. हेडमास्तरांनी दया येऊन तिला वर ढकललं. यंदा दया येईल असं नव्हतं. शिवाय परत आलेली मुलगी सहसा शाळेत येत नसे, तिला बघायला पाहुणे येत. म्हणून श्रावणातच मी तिच्या वडिलांना म्हटलं, हंगामभर हिला माझ्याकडे ठेवा. जेवण माझं, अभ्यास माझ्या देखरेखीखाली. तिच्या भल्यासाठी म्हटलं हे खरं, पण संध्याकाळ झाल्यावर घरात दुसऱ्या कुणाचा आवाज असावा, ही माझीही भूक होती.

वडील भला माणूस. नाही म्हणाले नाहीत, पण टोपी काढून डोकं खाजवत बसले. भावकीला काय सांगायचं हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी त्यांनीच तोड काढली. शाळेत दरवर्षी विद्यार्थ्यांचं मंत्रिमंडळ निवडलं जाई. "ती त्यात मुख्यमंत्री झाली तर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," ते म्हणाले. "मंग मला सांगता यील, शाळेचं काम हाय, सरकारी मानूस सुट्टी देत न्हाई म्हनून." पोरीने ते ऐकलं आणि त्याच दिवशी उमेदवारी सांगितली.

आता आमच्या शाळेतली निवडणूक म्हणजे काय, तर हेडमास्तर आणि गावातली चार मोठी माणसं मिळून एक नाव ठरवत आणि मुलं हात वर करत. मी भांडून भांडून त्या वर्षी खरं मतदान घ्यायला लावलं होतं. तिच्या विरुद्ध सोसायटीच्या चेअरमनांचा मुलगा उभा होता. शांत, सरळ मुलगा. त्याच्याबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतं. त्याने कंदील चिन्ह घेतलं, तिने घागर. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून मतपत्रिका केल्या, डालड्याच्या डब्याला खाच पाडून मतपेटी केली. तिने सगळ्या वर्गांसमोर भाषण केलं. उसाला गेलेली पोरं परत आली की त्यांचा बुडालेला अभ्यास गावात राहिलेल्या पोरांनी उन्हाळ्यात करून घ्यायचा, एवढंच तिचं मागणं होतं. मागच्या बाकांवरची, दरवर्षी उसाला जाणारी मुलं ऐकताना एकदम ताठ बसली होती. ती मुलं बाकीच्यांपेक्षा थोडी जास्तच होती, हे मी मनात धरून होते.

मतदान श्रावण संपायच्या आत व्हायचं, पण ते दोनदा पुढे गेलं, आणि मग नगरहून निरोप आला. दोन देशांतल्या शिक्षकांनी एकमेकांच्या शाळा पाहायच्या, मुलांना इतिहास कसा शिकवतात, लोकशाहीची ओळख कशी करून देतात ते समजून घ्यायचं, अशी योजना होती. तिच्यात जर्मनीतल्या एक इतिहासाच्या शिक्षिका आल्या होत्या. शहरातल्या शाळा बघून झाल्यावर त्यांना एखादं खेडं बघायचं होतं, आणि इंग्रजीची चार वाक्यं धडपणे बोलणारी इतिहासाची बाई या बाजूला आमच्याकडेच होती. हेडमास्तरांनी ताबडतोब ठरवलं, पाहुणीला मुलांची निवडणूक दाखवायची. तारीख पितृपक्षात आली. कुणीतरी कुरकुरलं, पण पितरांनीही कधी मतदान पाहिलं नसेल, बघू देत, असं मी म्हटल्यावर ते गप्प झाले.

पाहुणीला आणायला मी नगरला गेले. पंचेचाळिशीच्या आसपासची, उंच, आखूड केसांची बाई. तिला आधी नगरचा किल्ला बघायचा होता. किल्ला लष्कराच्या ताब्यात, त्या दिवशी आत सोडेनात, म्हणून आम्ही खंदकाच्या कडेने नुसत्याच चाललो. आमचे पुढारी इथे तुरुंगात होते, हे मी दरवर्षी शिकवत असे, तेच तिला सांगितलं. ती म्हणाली, पहिल्या महायुद्धात नगरात जर्मन माणसंही कैदेत होती, तिच्या आईचे काका त्यांतले एक. नगरात जन्मून, वाढून, इतिहास शिकवून मला ते ठाऊक नव्हतं. आमच्या पुस्तकात तो कैदी नव्हता आणि तिच्या पुस्तकात आमचे कैदी नव्हते. खंदकापाशी उभ्या राहून आम्ही दोघी यावर हसलो. किती दिवसांनी मी कुणाबरोबर हसत होते.

गावात डाकबंगला वगैरे नव्हताच, म्हणून ती माझ्या खोलीत राहिली. कुळथाच्या झणझणीत शेंगोळ्यांच्या पहिल्याच घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने ताटली पुसून खाल्ली. बायका बघायला आल्या. या वेळी चक्क उंबऱ्याच्या आत आल्या. "मालक काय करत्यात?" त्यांनी विचारलं. नवरा नाही, असं मी भाषांतर केलं. लेकरं? तीही नाहीत. एक म्हातारी माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "मंग बरं झालं, दोघी येका जागी आल्या." मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

रात्री नव्हे, संध्याकाळीच आम्ही अंगणात बाज टाकून बोलायचो, कारण पाहुणीला लवकर झोप यायची. तिच्या देशातली मुलं आता शिक्षकांना विचारतात, तुम्ही तेव्हा, हुकूमशाहीच्या आणि युद्धाच्या दिवसांत, कुठे होता, काय करत होता? आणि पुष्कळ शिक्षक त्यावर पुढचा धडा काढतात. ती काढत नव्हती, पुस्तक मिटून उत्तर देते, म्हणाली. घागरवाली पोरगी रोज यायची आणि पाहुणीच्या पायाशी बसून ऐकायची. तिला शब्द कळत नसत. मी भाषांतर करीपर्यंत ती धीर धरायची नाही, माझा पदर ओढायची. ते आठ-दहा दिवस माझ्या घरात दोन भाषांचा गोंगाट होता, आणि मला वाटायचं, निवडणूक झाली की निदान एक आवाज तरी हंगामभर इथे राहील.

मतदानाच्या सकाळी हेडमास्तर फाटकातच भेटले. चेहरा खुललेला. "बाई, आनंदाची बातमी. निवडणूक बिनविरोध झाली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गावाला बिनविरोधचा फार अभिमान होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला गावात कधी मतपेटी आलेली नाही, हे लोक परगावच्या माणसाला छाती काढून सांगत. भांडण घरात, एकी दारात, ही इथली रीत. मग एवढ्या लांबून, दर्या ओलांडून पाहुणी आली, आणि तिच्या डोळ्यांदेखत गावाची पोरं दोन तट करून एकमेकांविरुद्ध मतं टाकणार? गावाची शोभा जायची. म्हणून आदल्या दिवशी मोठ्या माणसांनी मुलीच्या वडिलांना देवळाच्या ओट्यावर बोलावलं, शेजारी बसवलं, चहा पाजला आणि हात जोडून सांगितलं, गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, पोरीचं नाव मागे घ्या. त्या माणसाला उभ्या जन्मात कुणी त्या ओट्यावर बसवलं नव्हतं. तो हो म्हणाला. बदल्यात पाहुणीला ओवाळायचा आणि नारळ द्यायचा मान त्यांनी पोरीला दिला. कुणाच्या मनात पाप नव्हतं. लोकशाही बघायला आलेल्या बाईचा मान राखायचा, म्हणून त्यांनी मतदानच काढून टाकलं.

"सर," मी म्हटलं, "ती निवडणूक बघायला आली आहे."

"मग दाखवतोय की. बिनविरोधपेक्षा चांगली निवडणूक कुठली?" ते मनापासून म्हणाले.

लिंबाखाली मुलं रांगा करून बसली होती. टेबलावर माझा डालड्याचा डबा ठेवला होता, त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. मुलीने पाहुणीला ओवाळलं. पाहुणीने तिच्या गालाला हात लावला आणि मला हळूच विचारलं, मतदान कधी सुरू होणार? मी सांगितलं, होणार नाही, एकमत झालं आहे. तिने पुन्हा विचारलं. तिला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय.

मी उभी राहिले. मोठ्या माणसांत बायकांनी उभं राहण्याची पद्धत नव्हती, तरी राहिले. "सर, निदान मुलांना विचारा," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

"विचारतो ना," हेडमास्तर म्हणाले, आणि मुलांकडे वळले. "चेअरमनसाहेबांच्या चिरंजीवांच्या नावाला कुणाची हरकत?"

कोण हरकत घेणार? चेअरमन समोर खुर्चीवर, मागे सगळ्यांचे बाप उभे. उसाला जाणारी मुलं जमिनीवरच्या काड्या मोडत होती. चेअरमनांचा मुलगा मान खाली घालून बसला होता. त्यानेही भाषण पाठ केलं होतं आणि ते त्याला करायला मिळालं नाही. "तर मग हात वर," हेडमास्तर म्हणाले. सगळे हात वर गेले. मुलीच्या हातात ओवाळणीचं तबक होतं. तिने ते डाव्या हातावर तोललं आणि उजवा हात वर केला. टाळ्या वाजल्या. मी खाली बसले, कारण उभं राहून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिचे वडील कडेला उभे होते आणि आनंदाने टाळ्या वाजवत होते. आपण श्रावणात घातलेली अट त्या क्षणी त्यांना आठवत नसावी.

घरी आल्यावर पाहुणी म्हणाली, मी या मुलीच्या वयाची होते तेव्हा आमच्याकडेही सगळे हात असेच वर जायचे, आणि सगळ्यांसारखा आपलाही हात वर आहे याचा मला आनंद व्हायचा, फार आनंद. तो आनंद आठवला की मला अजून माझीच भीती वाटते. मी तिला म्हटलं, आमची माणसं तशी नाहीत. ती म्हणाली, आमची तरी कुठे तशी होती, शेजारीपाजारीच होती. मग ती हेडमास्तरांशी बोलायला निघाली. मी अडवलं. तू परवा जाशील, मला इथेच राहायचंय, असं मी म्हटलं, आणि हे म्हणताना मला रडू आलं. तिने मला जवळ घेतलं. आई गेल्यापासून मला कुणी जवळ घेतलं नव्हतं.

ती गेली. एस.टी. त्या दिवशी नेमकी वेळेवर आली.

मी मात्र अजून आशा सोडली नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलीच्या घरी गेले. वडील बैलगाडीच्या चाकाला वंगण घालत होते. मला बघून त्यांनी हात पुसले, घोंगडी टाकली. मी म्हटलं, मुख्यमंत्री झाली नाही म्हणून काय झालं, अभ्यास तर तोच आहे. ठेवा तिला माझ्याकडे.

"बाई, तुमच्याबद्दल माझ्या मनात काय बी न्हाई," ते म्हणाले. "पर आता काय सांगू भावकीला? पोरगी निवडून आली आसती तर शाळंची म्हनून ठिवली आसती. आता नुसती तुमची म्हनून कशी ठिवू? तुमी यकल्या ऱ्हाता. यकल्या बाईच्या घरात वयात आलेली पोर ठिवली म्हंजी लोक इचारनार, का?"

"तुम्ही स्वतःच नाव मागे घेतलंत," मी म्हटलं. बोलायला नको होतं असं नाही, बोलायलाच हवं होतं.

त्यांनी वंगणाचा बांबूचा नळा चाकाशी टेकवून ठेवला. "व्हय," म्हणाले. "मोठी मानसं हात जोडून म्हनाली. मला न्हाई म्हनायची सवय न्हाई, बाई."

मुलगी आतल्या बाजूला उतरंडीतली भांडी पोत्यात भरत होती. तिने सगळं ऐकलं असणार. बाहेर आली नाही. एका माणसाजवळ नकार नव्हता आणि एका बाईजवळ माणसं नव्हती, आणि त्या दोन्हींची भरपाई ती पोरगी करणार होती. मी तिथून उठले.

दसऱ्यानंतर तिसऱ्या की चौथ्या सकाळी गाड्या निघाल्या. शाळेवरूनच रस्ता होता. प्रार्थनेला अवकाश होता, मी फाटकात उभी होते. गाड्यांवर कोपीचे बांबू, चटया, कोंबड्या, म्हाताऱ्या, तान्ही लेकरं. त्यांची गाडी आली तशी ती खाली उतरली, कडेवरचं बाळ आईकडे दिलं आणि माझ्यापाशी आली. पाया पडली. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, पुस्तकं घेतलीस ना? तिने मानेने हो म्हटलं. गाडी हळूहळू पुढे चालली होती, तरी ती हलेना.

"बाई," तिने विचारलं, "मला किती मतं पडली आसती?"

मी म्हटलं, "एक तर नक्की होतं. माझं."

ती हसली. "तुमाला कुठंय मत, बाई? मतं पोरांची हुती," ती म्हणाली, आणि पळत जाऊन गाडीला मागून लोंबकळली, मग वर चढली.